भेग पुसट, चेहरा स्पष्ट

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं भिंगवाला स्वतःला सांगत असे. राहून बिहून काही गेलं नव्हतं. पत्र एकोणीस दिवस त्याच्या कामाच्या टेबलाच्या वरच्याच खणात, बारीक पेचकसांच्या शेजारी पडून होतं. दिवसातून दहा वेळा तो खण उघडायचा, पेचकस उचलायचा आणि पत्राला धक्का लागू नये म्हणून बोटं आखडून घ्यायचा.

पत्र काही लांबलचक नव्हतं. एकाच बाजूला, उभट सरळ अक्षरात लिहिलेलं.

"भिंगोजी,

कॅमेरा परत पाठवते आहे, तुमच्या नळीसकट आणि आपल्या त्या जुन्या भिंगासकट. खालच्या तुळयांचं काम सुरू झाल्यापासून फोटोत भेग पुसट येते आणि चेहरा स्पष्ट येतो. मी भेगेकडेच बघत होते. मग असं का व्हावं? कार्ड आतच आहे. फोटो बघून कळवा.

दुसरं म्हणजे, इथलं काम अजून दोन वर्षं चालणार आहे. इथे राहायचं की शहरातल्या कचेरीत परत यायचं, ते मला महिनाअखेरपर्यंत सांगायचं आहे. पट्टीवाल्यांनीही मला एक विचारलं आहे. त्यांनाही मी महिनाअखेरपर्यंत थांबा म्हटलं आहे.

त्याआधी तुमचं उत्तर आलं तर बरं होईल. फोनवर तुम्ही 'हं' च्या पुढे जात नाही, म्हणून पत्रच लिहा."

खाली सही होती. सहीच्या वर काहीतरी लिहून खोडलेलं होतं. भिंगवाल्याने ते खोडलेलं, घड्याळजी डोळ्याला लावतात त्या भिंगातून पाहिलं होतं, कागद खिडकीला लावून पाहिलं होतं, मागच्या बाजूने पाहिलं होतं. तिने फार मन लावून खोडलं होतं.

सात महिन्यांपूर्वी तो तिला ओळखतही नव्हता.

रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे तो उजाडताच जायचा. त्या दिवशी पावसाची बारीक भुरभुर होती आणि विक्रेत्यांनी आपापल्या ढिगांवर ताडपत्र्या ओढल्या होत्या. एका ताडपत्रीखाली गंजक्या किल्ल्या आणि बंद पडलेली घड्याळं यांच्यामध्ये त्याला चामड्याची गोल डबी दिसली. झाकण अर्धवट उघडं होतं आणि आतून काचेचा जांभळट डोळा त्याच्याकडे बघत होता. त्याने हात घातला. त्याच वेळी समोरून आणखी एक हात आला... ओला, नाजूक, अंगठ्याजवळ शाईचा डाग पडलेला. दोघांनीही डबी धरली आणि दोघांनीही सोडली नाही.

"हे दुर्बिणीचं अर्धं आहे का हो?" हाताच्या मालकिणीने विचारलं.

हो, अर्धं आहे, बिनकामाचं आहे, असं म्हटलं असतं तर डबी त्याची झाली असती. पण काचेबद्दल खोटं बोलायला त्याची जीभ रेटली नाही. त्याने सांगितलं, की हा टेलिकन्व्हर्टर. पूर्वी काही कॅमेऱ्यांची भिंगं काढता येत नसत. लांबचं टिपायचं असलं की त्यांच्या तोंडावर हे दुसरं भिंग चढवायचे. मग लांबचं पावणेदोनपट जवळ यायचं. एवढं बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की अनोळखी मुलीशी तो एका दमात इतका कधीच बोलला नव्हता, आणि त्याची दातखीळ बसली.

तिने पिशवीतून हातात मावेल एवढा डिजिटल कॅमेरा काढला. "याचंही भिंग निघत नाही. याला चढेल?"

"चढेल म्हणजे... सरळ नाही चढणार. मध्ये नळी लागेल."

"ती कोण करून देईल?"

भिंगवाल्याने डबीवरचा हात काढून घेतला. "मी," तो म्हणाला.

पुढे ताई त्याला म्हणायची, की लोक फुलं देतात, तू नळी दिलीस. पण खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी बाजारातून परतताना त्याच्या मनात मुलगी नव्हतीच. इतकं स्वच्छ, एक ओरखडा नसलेलं भिंग दुसऱ्याच्या पिशवीत जाताना बघून तो घरापर्यंत हळहळत आला होता. त्याला पहिला मत्सर वाटला तो तिचा, त्या भिंगापायी.

ती पूल तपासायची. म्हणजे कुठल्या पुलाला कुठे भेग गेली, किती गेली, गेल्या वर्षीपेक्षा वाढली का, हे बघून कचेरीला कळवायचं. काठावर उतरायचं, होडीत बसायचं, लोखंडी शिड्या चढायच्या. गळ्यात जडशीळ कॅमेरा अडकवून हे जमत नाही. म्हणून कचेरीने छोटे कॅमेरे दिले होते, आणि छोट्या कॅमेऱ्याला लांबची भेग दिसत नव्हती. साहेबाला तीन अर्ज करून झाले होते. चौथ्याऐवजी ती जुन्या बाजारात गेली होती.

भिंगवाल्याचं दुकान खाली आणि ताई-भावोजींचं घर वर. दुकानाच्या मागे एक चिंचोळी गॅलरी, पुढे अंगण, अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आणि पलीकडे छापखान्याची विटांची उंच भिंत. भिंगाची परीक्षा तो याच भिंतीवर घ्यायचा. विटांच्या मधल्या रेघा चारही कोपऱ्यांत सरळ आणि रेखीव आल्या, की भिंग पास.

पहिली नळी त्याने काळ्या पुठ्ठ्याची केली. कॅमेरा सुरू केला की त्याचं भिंग गोगलगाईसारखं पुढे सरकतं. त्या नाजूक यंत्रावर जुन्या काचेचं ओझं पडता कामा नये. म्हणून नळी कॅमेऱ्याच्या अंगावर बसवायची, तिच्या टोकाला जुनं भिंग, आणि आतल्या आत कॅमेऱ्याचं भिंग मोकळं हलायचं. पुठ्ठ्याची नळी दोन मिलिमीटर आखूड पडली. कॅमेऱ्याचं भिंग पुढे आलं, काचेला टेकलं आणि कुरकुरत बंद पडलं. ती म्हणाली, की तुमच्या दुकानात सगळेच लाजतात वाटतं.

दुसरी नळी नळकाम्याकडच्या प्लास्टिकच्या पाइपची. आतून उजेड चमकू नये म्हणून तिला काळं मखमली अस्तर लावलं. ते ताईच्या जुन्या ब्लाउजचं होतं, आणि ताईला ते नंतर कळलं. या वेळी चित्र आलं, पण गोल. चारही कोपऱ्यांत काळोख.

ती पडद्यावर वाकली. तिच्या केसांतून पावसाचा एक थेंब त्याच्या मनगटावर पडला आणि त्याने हात हलवला नाही.

"कोपऱ्यांत काय दडवलंय तुम्ही?"

"काही नाही. तुम्ही फार लांबून बघताय. झूम पुढे घ्या... अजून. अजून थोडं जवळ या."

ती बटण दाबत राहिली. काळोख कडेकडेला सरकत गेला आणि शेवटी चौकटीतून निघून गेला. छापखान्याच्या भिंतीवर बसलेल्या कावळ्याचा डोळा पडद्यावर वाटाण्याएवढा झाला.

"जवळ आलं की काळोख जातो होय?" ती म्हणाली आणि पडद्याऐवजी त्याच्याकडे बघू लागली. "हे आधी सांगायचं नाही का, भिंगोजी?"

बाजारात सगळे त्याला भिंगवाला म्हणत. 'भिंगोजी' तिने त्या दिवशी केलं. त्याने तिला 'मॅडम' म्हणून बघितलं, तिने मान हलवून नको म्हटलं, आणि मग दुसरं काही न सुचल्यामुळे तो तिला काहीच म्हणेनासा झाला. ताई मात्र बेधडक 'तुझी पूलवाली' म्हणायची, आणि त्यातल्या 'तुझी'वर त्याने कधी हरकत घेतली नाही.

तिसरी नळी अॅल्युमिनियमची, कातून आणलेली, काळ्या रंगाची. ती झाली आणि पुढच्या आठवड्यात पूलवालीची बदली झाली. दूरच्या एका मोठ्या नदीवर जुना पूल तपासायचा होता, सहा महिन्यांचं काम होतं. तिथे मोबाइलला रेंज नाही. कामाच्या छपरीत एक फोन, आणि दोन दिवसांनी एकदा टपाल. निघताना ती दुकानात आली, कॅमेरा गळ्यात अडकवून उभी राहिली, आणि काही म्हणायचं राहिलंय का असं तिने विचारलं. भिंगवाला म्हणाला, की भिंग पुसताना कोरडं फडकं वापरू नका.

ताईने हे जिन्यावरून ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

पहिलं पत्र आलं तेव्हा भिंगवाला दिवसभर शीळ घालत होता. कमानींचे फोटो काय सुरेख आलेत, साहेबाने विचारलं कुठला कॅमेरा म्हणून, असं बरंच काही त्यात होतं. शेवटी एक ओळ होती: मापपट्टी धरायला एकजण आहेत, सगळे त्यांना पट्टीवालेच म्हणतात, माणूस चांगला आहे.

दुसऱ्या पत्रात पट्टीवाल्यांना दोन ओळी मिळाल्या. त्यांना पोहता येतं. होडीतून तिची टिपणवही पाण्यात पडली, ती त्यांनी बुडी मारून काढली.

तिसऱ्या पत्रात पट्टीवाल्यांना अख्खा परिच्छेद होता. ते गातात. पुलाखाली आवाज घुमतो म्हणून मुद्दाम तिथे उभे राहून गातात, आणि होडीवाले वल्ही थांबवून ऐकतात.

भिंगवाल्याला पोहता येत नव्हतं. गाण्याच्या बाबतीत, तो शीळ घालू लागला की भावोजी खिडकी लावून घ्यायचे. त्याने तिसऱ्या पत्राला उत्तर लिहिलं: पाण्याजवळ काचेला बुरशी धरते, डबीत खडूचे तुकडे ठेवा, ते ओल शोषतात. पट्टीवाल्यांबद्दल अक्षर लिहिलं नाही. आपण किती मोठ्या मनाने गप्प बसलो, याचं त्याला दोन दिवस समाधान वाटलं. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणात त्याने भाजी तिखट झाल्याचं तीनदा सांगितलं, आणि ताई म्हणाली, की भाजी कालचीच आहे, काल तुला गोड लागली होती.

मग आलं ते चौथं पत्र, कॅमेऱ्याच्या पार्सलमधलं.

त्याने कार्ड काढून मोठ्या पडद्यावर फोटो लावले. एकूण बेचाळीस. त्यांतल्या अडतीस फोटोंत एक माणूस होता. पुलाच्या खांबाच्या पायथ्याशी, पाण्यात उठलेल्या कट्ट्यावर तो उभा असायचा आणि लांब काठीच्या टोकाला बांधलेली काळी-पांढरी मापपट्टी वर, मागच्या तुळईला टेकवून धरायचा. पट्टीच्या शेजारी भेग. भेग किती लांब, ते पट्टीवरून मोजायचं. पण पट्टी धुरकट होती, आणि भेग म्हणजे कुणी ओल्या बोटाने ओढलेली रेघ. त्यांच्या पुढे आठ-दहा हातांवर पट्टीवाल्याचा चेहरा मात्र असा लख्ख, की मिशीचा केस न् केस मोजावा. ऐटबाज मिशी होती. दातही चांगले होते; ते दिसत, कारण अडतीस फोटोंत तो हसत होता.

भिंगवाला धंद्याने काचेचा माणूस. फोटोत काय आहे ते लोक आधी बघतात. तो आधी बघतो, की काय सर्वांत स्पष्ट आहे. कारण फोटो काढणाऱ्याची नजर जिथे असते तिथेच कॅमेऱ्याची धार असते, असं त्याला त्याच्या कामाने शिकवलं होतं. जुनं भिंग पुढे लावलं की ही धार आणखीच अरुंद होते. थोडं पुढे, थोडं मागे, सगळं पुसट. अडतीस वेळा तिची नजर चेहऱ्यावर होती, आणि वर ती विचारत होती, असं का व्हावं म्हणून.

त्याने तरीही भिंगाला संशयाचा फायदा दिला. काच साफ केली, नळी तपासली, कॅमेरा तिवईवर ठेवून छापखान्याच्या भिंतीचे वीस फोटो काढले. विटा अशा आल्या की चुन्यातले खडे दिसावेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. भिंगात दोष नव्हता. नळीत दोष नव्हता. उरला होता एकच दोष, आणि त्याला पेचकस चालत नाही.

सहाव्या दिवशी त्याने हिय्या करून छपरीतल्या फोनवर फोन लावला. पलीकडून एक भरदार, घुमणारा आवाज आला. बाई पाण्यावर गेल्या आहेत, कोण बोलतंय, काही निरोप द्यायचा आहे का? एवढ्या अदबीने विचारणाऱ्या माणसाचा राग कसा करायचा, हे भिंगवाल्याला कळेना. तो 'हं' म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मग बराच वेळ तो फोटो पडद्यावर लावून त्या मिशीकडे बघत बसला. त्याने स्वतः आरशासमोर ओठावर काळ्या मखमलीची पट्टी धरून पाहिली, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. ताईने ते पाहिलं होतं, आणि तिने ते फक्त भावोजींना सांगितलं.

एकोणिसाव्या दिवशी त्याने ठरवलं, की कॅमेरा परत पाठवून द्यायचा. सोबत एक चिठ्ठी: भिंगात दोष नाही. एवढंच. ज्याला समजायचं त्याला समजेल. महिना संपायला पाच दिवस उरले होते. तिने तिथेच राहावं, पुलाखाली गाणी ऐकावीत. चिठ्ठी लिहिताना त्याने 'नाही'वर इतका जोर दिला की कागद फाटला.

बांधाबांध करण्यापूर्वी, सवयीने, शेवटचा एक फोटो काढून बघावा म्हणून त्याने सकाळच्या उन्हात कॅमेरा गॅलरीत तिवईवर लावला, झूम पूर्ण पुढे घेतलं आणि भिंतीवरच्या एका विटेवर नेम धरला. पडद्यावर मधोमध छोटी चौकट आली, पिवळी झाली, विटेवर बसली. तेवढ्यात ताई अंगणात दोरीवरचे कपडे काढायला आली.

चौकट विटेवरून उडाली आणि ताईच्या तोंडावर जाऊन बसली.

"ताई, जरा बाजूला हो," भिंगवाला म्हणाला.

ताई डावीकडे सरकली. चौकट तिच्याबरोबर डावीकडे सरकली. मागची भिंत विरघळल्यासारखी पुसट झाली.

"उजवीकडे हो बरं."

ती उजवीकडे झाली. चौकटही.

"आता मागे वळ... आता पुन्हा इकडे बघ. चादरीमागे जा. ये बाहेर."

"मला काय बाहुलीसारखं नाचवतोयस सकाळी सकाळी?" ताई म्हणाली. हातात भावोजींचा सदरा घेऊन ती तशीच उभी राहिली, कारण तिच्या भावाचा चेहरा पांढरा पडला होता.

चादरीमागे ताई गेली की चौकट विटेवर यायची. ताई बाहेर आली की चौकट तिच्या तोंडावर. बटण दाबणारा विटेकडे बघत असो की ढगाकडे, या कॅमेऱ्याला चौकटीत माणसाचा चेहरा सापडला की तो त्याच्यावरच धार धरत होता. भिंगवाल्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावरची सोयींची यादी उघडली. काचेपलीकडचं हे सगळं त्याने आजवर कधी उघडलंच नव्हतं. त्याच्या लेखी कॅमेरा म्हणजे भिंग आणि बाकीचं खोकं. चौथ्या पानावर हसऱ्या तोंडाचं एक चिमुकलं चित्र होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं: चालू.

नळी लावण्यापूर्वी कॅमेऱ्याने चेहरा धरला काय नि भेग धरली काय, लांबून सगळंच सारखं स्पष्ट यायचं. कमानींचे फोटो काढले तेव्हा पुढे कुणी उभं नव्हतं. आणि इथे, दुकानात? इथे एकोणीस दिवस तो विटांची परीक्षा घेत होता. विटांना चेहरे नसतात.

त्याने ते 'चालू' बंद केलं. ताईला पुन्हा उभं केलं. चौकट विटेवर बसून राहिली, ताईने हात हलवले तरी.

मग तो आत गेला, वरचा खण उघडला आणि पत्र काढलं. "मी भेगेकडेच बघत होते." हे वाक्य त्याने पहिल्या दिवशी वाचलं होतं आणि खोटं समजून पुढे गेला होता. ते खरं होतं. पत्रातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. तिला कॅमेऱ्यातलं बिघडलेलं विचारायचं होतं, तर तिने तेच विचारलं होतं. आणि त्याचं उत्तर हवं होतं, तर हवं म्हटलं होतं.

ताई कपड्यांचा ढीग घेऊन दारात उभी होती. त्याने तिला पत्र दिलं. चारही पत्रांपैकी त्याने दुसऱ्याच्या हातात दिलेलं ते पहिलं. तिने ते उभ्या उभ्याच वाचलं.

"हे येऊन किती दिवस झाले?"

त्याने सांगितलं.

ताईला संतापायचं होतं, पण हसू आवरेना, आणि मग हसूही गेलं. "अरे शहाण्या," ती हळू आवाजात म्हणाली, "एक माणूस तिला विचारून मोकळा झालाय. त्याला निदान तोंड उघडता आलं. ती महिनाभर त्याला थांबवून ठेवतेय ती कुणासाठी? कॅमेऱ्यासाठी?"

"त्याला गाता येतं," भिंगवाला म्हणाला. "पोहता येतं. मी... माझ्यात काय आहे, ताई?"

"ते तिला ठरवू दे की. तू तेवढं उत्तर लिही." आणि फोन करतोस का, असंही तिने विचारलं. पण फोन कोण उचलणार हे त्याला ठाऊक होतं, आणि पूलवालीने मागितलं होतं पत्र.

त्याने दुकानाचं दार लोटलं आणि लिहायला बसला. कॅमेऱ्याबद्दलचा भाग एका झटक्यात झाला. पुढचा होईना. एक कागद फाडला, दुसरा फाडला. गिऱ्हाईक येऊन दार वाजवून गेलं. भावोजी जेवायला बोलवायला आले, फरशीवरचे कागद बघून परत गेले आणि ताट टेबलावर आणून ठेवलं. आठव्या कागदावर जे उतरलं, ते असं:

"भेग पुसट येण्यात भिंगाचा दोष नाही आणि तुमचाही नाही. कॅमेऱ्यात चेहरे शोधून त्यांच्यावर धार धरण्याची सोय आहे, ती चालू होती. मी बंद केली आहे. आता तुम्ही बघाल तिथेच कॅमेरा बघेल. अडतीस फोटो पुन्हा काढावे लागतील, त्याबद्दल माफ करा.

हे मला पहिल्या दिवशी शोधता आलं असतं. शोधलं नाही, कारण मला वाटलं तुम्हीच चेहऱ्याकडे बघत होता. एकोणीस दिवस मी एका माणसाच्या मिशीचा द्वेष केला. फोन आला होता आणि कुणी नुसतं 'हं' म्हणालं होतं, असं पट्टीवाले म्हणाले असतील, तर तो मीच.

आणखी एक कबुली. नळी दुसऱ्या खेपेलाच बरोबर बसली होती. तिसऱ्या खेपेला तुम्हाला बोलावण्याचं काही कारण नव्हतं.

पट्टीवाले चांगले आहेत, हे तुमच्या पत्रांतून दिसतं. माझ्यासाठी थांबू नका, असं लिहिणं शोभलं असतं. ते मी सात कागदांवर लिहिलं आणि सातही फाडले, कारण ते खरं नाही. माझ्यासाठी थांबा. मला पोहता येत नाही. पण तुम्ही परत आलात, तर 'हं' च्या पुढे जाईन."

त्याने ते परत वाचलं नाही. वाचलं असतं तर नववा कागद घ्यावा लागला असता. घडी घातली, पाकिटात घातली, पाकीट नळीला दोऱ्याने बांधलं, कॅमेरा आणि भिंग कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलं आणि दुपारी तीनला तो मोठ्या टपाल कचेरीत जाऊन रांगेत उभा राहिला. पुढे चार माणसं होती. चारही वेळा त्याला वाटलं, परत फिरावं. तिसऱ्या माणसाच्या वेळी तो रांगेबाहेर पाऊल टाकून पुन्हा आत आला आणि मागच्या आजोबांनी विचारलं, की तुमचं नक्की काय आहे?

खिडकीमागे चष्मा साखळीला अडकवलेल्या एक पोक्त बाई होत्या. त्यांनी खोकं काट्यावर ठेवलं, तातडीने पाठवायचं का विचारलं, परवा पोचेल म्हणाल्या आणि एक छापील कागद पुढे सरकवला. आत काय काय आहे ते लिहा.

भिंगवाल्याने लिहिलं: कॅमेरा एक. भिंग एक. नळी एक. तो थांबला. मग लिहिलं: उत्तर एक.

बाईंनी कागद वाचला, चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, पुन्हा कागद वाचला. "फुटण्यासारखं आहे का?"

"हो," तो म्हणाला. "सगळंच."

त्यांनी खोक्यावर लाल अक्षरांची चिठ्ठी डकवली आणि शिक्का उचलला. त्याच क्षणी भिंगवाल्याच्या डोळ्यांपुढे आठव्या कागदावरची एक एक ओळ उभी राहिली: मिशी, तिसरी नळी, आणि 'माझ्यासाठी थांबा', हे वाक्य तर फारच ढळढळीत. कुणी लिहितं का असं? त्याचा हात आपोआप खिडकीतून आत गेला.

"थांबा... एक मिनिट. मला जरा ते परत..."

शिक्का धाडकन बसला.

"आता तुमचं नाही ते," बाई म्हणाल्या आणि खोकं मागच्या पोत्यात ठेवलं. "ज्यांचं नाव आहे, त्यांचं. पुढे कोण आहे?"